टोपल्याखालची अळी

अळी-अळीत फरक असते, हे मले कोणी शिकवाची गरज नाई. उभा जनम लोकाईच्या वावरात वाकून गेला माझा. उंटअळी चालते तवा पाठीची कमान करते. लष्करी अळीचं झुंडीचं काम, पानाची निरा चाळणी करून टाकते. केसाळ अळी हाताले लागली की दिवसभर खाजवत बसा. अन् तिळावरची शिंगी अळी, ते बोटाएवढी जाड, हिरवीगार, अंगावर तिरपे निळे-पिवळे पट्टे, मागच्या टोकाले वाकडं शिंग. पाहूनच भेव वाटते, पण गरीब जात. चावत नाई, डसत नाई. लय छेडली तर तोंडानं कटकट वाजवते तेवढी. तीळ सोडून आमच्या शिवारात दुसऱ्या पिकावर मी तिले कधी पाह्यली नाई. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते या एका अळीपायी झालं.

मी रजियाबी. दर्यापूरहून अंजनगावकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमचं गाव. खाली खारं पाणी, वर काळी माती, पाऊस आला तर गुडघाभर चिखल अन् नाई आला तर भेगा. माझा मालक बद्रुद्दीन जीप चालवते. आमची अन् सिंधूच्या घराची भिंत एकच. तिच्याकडं भांडं पडलं तर मले इकडं ऐकू ये, अन् माझ्याकडं फोडणी बसली की तिकडून तिची हाक ये, "काय शिजवून राहिली वं?" तिचा मालक महादेवराव, दम्याचा माणूस, बोलणं कमी अन् खोकलणं जास्त. लेक एकच, नितेश. तो मले खाला, म्हणजे मावशी, म्हणे. सिंधूच्या भांड्यात अंडं चालत नसे, म्हणून माझ्या चुलीपाशी बसून अंडाकरी खाये, तोंड पुसे अन् साळसूद बनून घरी जाये. सिंधूले सगळं माहीत होतं. ते म्हणे, "खाऊ दे, माझ्या भांड्यात नाई नं."

पोळा झाला अन् त्याच आठवड्यात नितेश गेला. घरच्या वावरातली कपाशी छातीच्या वर गेली होती. पाठीवर पंप, तोंडाले दस्ती बांधलेली, दिवसभर फवारा. संध्याकाळी घरी आला तर डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाले फेस. बद्रुद्दीननं जीपमधलं मागचं बाकडं काढलं अन् त्याले झोपवलं. दर्यापूरहून अमरावतीले धाडलं. अमरावतीहून तो पांढऱ्या गाडीत आला. याच्यापेक्षा जास्त माझ्यानं सांगवत नाई.

त्याईच्यात एक रीत आहे. तेरवीच्या आदल्या संध्याकाळी, जिथं मयत ठेवली होती ती जागा सारवतेत, ज्वारीचं पीठ पसरवतेत, बाजूले दिवा लावतेत अन् पिठावर टोपलं पालथं घालतेत. सकाळी भावकीतला जाणता माणूस टोपलं उचलते. पिठावर जे उमटलं असन त्याच्यावरून सांगते, मेलेला कोणत्या जन्माले गेला. गाईचा खूर, पाखराचा पंजा, लेकराचं पाऊल, असं काईबाई. आमच्यात असं नाई. आमच्याकडं माणूस गेला तर गेला, मागं दुवा करा अन् सबर करा. पण सिंधूनं मले बोलावलं, म्हणून मी सकाळी जाऊन उंबरठ्याच्या बाहेर बसली.

टोपलं उचलाले वामनराव होता, महादेवरावचा चुलतभाऊ. गावात पीठ वाचणारा तोच. त्यानं टोपलं उचललं अन् हात तसाच वर धरून राहिला. पिठावर ना खूर, ना पंजा. या कडेपासून त्या कडेपर्यंत वाकडीतिकडी, बोटाएवढी रुंद रेघ, अन् रेघेच्या शेवटी पिठात लोळून पांढरी झालेली शिंगी अळी. जिती होती. डोकं उचलून इकडं तिकडं करून राहिली होती.

"इतके टोपले उचलले गा मी," वामनराव म्हणाला, "पण असं कधी पाह्यलं नाई."

"मंग सांगा नं, कोणता जन्म?" मागून कोणीतरी विचारलं.

वामनरावनं टोपलं बाजूले ठेवलं अन् मागं सरकला. सिंधूच पुढं आली. पिठापाशी बसली, अळीले अलगद उचललं अन् तळहातावर घेतलं.

"ज्याले माराले गेल्ता त्याच्यातच गेला माझा नितेश," ते म्हणाली. आवाज कसा, तर बाजारात भाव सांगावा तसा. "आता या घरच्या वावरात अळीवर औषध पडणार नाई. एकदा मेला तेवढं पुरे झालं."

महादेवराव भिंतीले धरून खाली बसला. बायाईनं पदर तोंडाले लावले. तोबा, तोबा, लेकाले अळीत पाहाची पाळी कोण्या मायवर येऊ नये, असं मनात आलं अन् मी उठून घरी आली.

संध्याकाळी मी परत गेली तवा सिंधूनं माझ्यापुढंच फुटक्या माठाच्या बुडात भुसभुशीत माती भरली, अळी त्याच्यात सोडली अन् ते बूड ओसरीत ठेवलं. अळीनं एक चक्कर मारली अन् डोकं मातीत खुपसलं. पाहता पाहता सगळी आत गेली, मागं शिंग तेवढं दिसे, मंग तेही गेलं. वर नुसती माती.

महादेवराव तिथंच उभा होता. "मेली का वं भाबी?" त्यानं मले विचारलं. आवाज निरा बसलेला.

"मरत नाई भाऊ, कोषात जाते," मी म्हटलं. "सगळ्याच मोठ्या अळ्या जातेत. वखरताना निघत नाई का, तांबडे-तांबडे खारकेएवढे?"

त्यानं मान हालवली. वखराखाली आलेले कोष त्यानं जनमभर पायानं चिरडले असतीन. आता तो त्या मातीकडं पाहत राहिला अन् मंग पायातली चप्पल काढून ठेवली.

इकडं सोयाबीनच्या शेंगा भराले लागल्या अन् त्याच वक्ताले अळी पडली. सकाळी वावरात गेलं की पानं खाल्ल्याचा कुरकुर आवाज ये, इतकी. शेजारपाजारच्या सगळ्या वावरातून फवाऱ्याचा वास येऊन राहिला होता. महादेवरावचं तेवढं बिनऔषधाचं. बरं, औषध माराले मजूर बी भेटना. नितेशच्या मागं गावातल्या पोट्ट्याईनं पंपाले हात लावणं सोडलं होतं. मंग उरला कोण? महादेवराव स्वतः. रोज संध्याकाळी तो पंप काढे, पुसे, पट्टा पाहे अन् परत ठेवून दे. बायको नुसती ओसरीतल्या मातीजवळ जाऊन बसे. तेवढ्यानं त्याचे हात थांबत.

शेवटी त्यानं शुभंकरले आणलं. अंजनगावच्या वकिलाचा पोरगा हा, अकोल्याले शेतकी शिकला, गावोगाव फिरून पिकाचं सांगत असते. पोरगा चांगला. दारात जोडे काढले, सिंधूच्या पाया पडला, मंग मातीजवळ बसला. दोन बोटानं माती बाजूले सारली अन् तो कोष काढून हातावर घेतला. तपकिरी, चकचकीत, तेल लावल्यासारखा.

"कोष जिवंत आहे मावशी," तो म्हणाला. "हे पाहा, शेपटाकडचा भाग हलते. अन् इथं दोन्ही बाजूले पंख घडी करून ठेवलेले दिसतात. ही तिळावरची शिंगी अळी. याच्यात माणूस-बिणूस काही नसते, किडा आहे तो."

"निघन काय त्याच्यातून?" महादेवरावनं विचारलं.

"मोठा पतंग. तळहाताएवढा. रातचा फिरते, मधाच्या पोळ्यात शिरते." पोरगा समजावून सांगायच्या भरात होता. "पाठीवर कवटीसारखी खूण असते त्याच्या. अन् हात लावला तर चक्क आवाज काढते. म्हणून लोक उगाच भेतात."

"कवटी?"

"नुसती खूण काका. पिवळट डाग. कवटी कशी असन?"

पण शब्द तर निघून गेला होता तोंडातून. महादेवरावचा चेहरा असा उतरला की मले वाटलं आता दम लागते याले. बिचारा शुभंकर, आला होता भेव काढाले अन् भेव घालून गेला. जे जे त्यानं खरं सांगतलं ते सगळं त्या घरात उलटंच बसलं. कवटी अन् आवाज, आणखी काय पाह्यजे?

मंग तो वावरात आला. दोन ओळीच्या मधात पांढरं धडपं अंथरलं अन् झाडं हालवली. धडप्यावर टपटप अळ्या पडल्या. "उंटअळी," तो म्हणाला. "ही लष्करी. शिंगी एकही नाही, सोयाबीनवर ती यायचीही नाही. काका, फवारावं लागेल. नाहीतर शेंग राहणार नाही. पण अंगभर कपडे घाला, चष्मा लावा, हातमोजे घाला, वारा पाठीमागून असला तरच मारा. अन् तुम्हाले दमा आहे, तुम्ही स्वतः मारू नका."

"मंग कोण मारन?" महादेवराव म्हणाला. शुभंकरनं धडपं झटकलं अन् घडी घातली.

तो गेल्यावर महादेवराव सिंधूले म्हणाला, "ऐकलं नं? वावरात त्याच्या जातीचं कोणी नाई. बांधाकडच्या तिळाले मी हात लावत नाई. सोयाबीन तर मारू दे."

"आधी मी पाहीन," सिंधू म्हणाली. "एकेक ओळ पाहीन. एकही शिंगाची निघाली नाई तर मारा."

"एवढं वावर? एकेक झाड?"

"एकेक झाड."

अन् तिनं ते केलं हो. दुसऱ्या दिवशी सूर्य निघाला अन् आमी दोघी वावरात. मले तिनं म्हटलं नव्हतं, मीच गेली. तिले एकटी कशी सोडू? दवानं लुगडं मांडीपर्यंत ओलं होये. सोयाबीनच्या शेंगेची लव हाताले लागून खाज सुटे. वाकून वाकून दुपारच्याले कंबर सरळ होईना. सिंधू पान उलटं करे, अळी सापडली की तळहातावर घे अन् माझ्यापुढं धरे.

"हे?"

"उंटअळी. पाय पाह्य, मधात पाय नाई तिले."

"अन् हे?"

"लष्करी."

पानाच्या घडीत पांढऱ्या जाळ्यात गुंडाळलेले बारके कोष सापडत. मी म्हणे, हे उंटअळीचे. झाडाच्या बुडाशी मातीत तांबूस कोष निघत. मी म्हणे, हे लष्करीचे. ते प्रत्येकाकडं टक लावून पाहे, अन् मंग बादलीत टाके. मारत नसे. बादली भरली की महादेवराव ते नाल्यापलीकडच्या पडीतात नेऊन रिकामी करे. गावानं काय हासाचं ठेवलं? "महादेवराव अळ्या चाराले नेऊन राहिला," असं पोट्टे पारावरून म्हणत. तो खाली मान घालून जाये. पाय बी जपून टाके, पाहून पाहून, पायाखाली काई येऊ नये म्हणून. पायवाटेनं चालणारा असा माणूस मी कधी पाह्यला नव्हता.

खोटं कावून बोलू, मले बी भेव वाटाले लागलं होतं. डोळे मिटले की अळ्या दिसत. भाकर खाताना हाताले हिरवा वास ये. अन् एका दुपारी मी घरी भिंतीपाशी पडली होती तर पलीकडून महादेवरावचा आवाज आला. हळू, थांबून थांबून. "पाणी टाकू का रे बाप्पा मातीवर? सुकून राहिली." मंग थोडं थांबून, जसं कोणी उत्तर देऊन राहिलं, "बरं. नाई टाकत." मी उठून बसली. सिंधू तर वावरात होती. घरात तो अन् ती माती. मी ताबडतोब कलमा पढला. बद्रुद्दीनले सांगतलं तर तो म्हणे, "जाने दे. उसका बेटा गया है, मिट्टी से बोले या दीवार से, तेरा क्या जाता है?"

वावर संपत आलं. एकही शिंगी सापडली नाई. बांधाच्या, धुऱ्याच्या कडेच्या थोड्या ओळी राह्यल्या होत्या, त्या दिवशी महादेवराव पंप घेऊनच आला. टोपीखाली फडकं गुंडाळलेलं, नितेशचा लांब बाह्याचा सदरा अंगात. धुऱ्यावर बसून त्यानं औषध कालवलं. तो वास आला अन् मी पदर नाकाले लावला, कारण जीपमध्ये तो वास कितीक दिवस गेला नव्हता. वारा तोंडावरच होता. त्यानं पट्टे खांद्यात घातले, उठला, अन् उठतानाच खोकल्याची उबळ आली. तरी उभा राह्यला.

"थांबा!" सिंधू ओरडली. ते शेवटच्या ओळीत होती. हात वर करून पळत आली, तळहातावर शिंगी अळी. हिरवीगार, बोटाएवढी, शिंग हालवून राहिली होती.

महादेवरावनं पाह्यलं. पंप उतरवला, सगळं औषध धुऱ्याच्या खड्ड्यात ओतलं, वरून माती लोटली. रिकामा पंप हातात धरून घरी गेला.

मी सिंधूच्या हातातल्या अळीकडं पाहत होती. सोयाबीनवर शिंगी? शुभंकर नाई म्हणून गेला तो गेला, पण मी बी कधी पाह्यली नव्हती. मंग मले तिच्या लुगड्याची ओटी दिसली. ओटीतून लांबोळक्या पानाचं टोक बाहेर आलं होतं. सोयाबीनचं पान गोल. हे तिळाचं.

"ओटीत काय आहे?" मी विचारलं.

"काई नाई."

"सिंधू, मले अळ्या नोको शिकवू. दाखव."

तिनं ओटी सोडली. तिळाचे दोन-तीन शेंडे, अन् त्याच्यात आणखी एक शिंगी, पान खात बसलेली. मी तिच्याकडं पाह्यलं, तिनं खाली पाह्यलं. मंग मटकन धुऱ्यावर बसली.

"टोपल्याखाली बी मीच ठेवली होती," ते म्हणाली.

मले समजालेच येळ लागला. "काय म्हणून राहिली तू?"

"तिळातून आणली. रातच्याले दिव्यात तेल घालाले गेली तवा टोपलं थोडं उचललं अन् सोडून देली आत."

"लेकाच्या पिठावर? अवं माय, लेकाच्या पिठावर तू?" माझा आवाज चढला. हात उचलला नाई एवढंच. "सारं गाव भेलं, वामनरावले जन्म सांगता येईना, मी रोज अळ्या पाहून पाहून अर्धी झाली, अन् तू—"

"बोल, रजिया. जे बोलाचं ते बोल." तिनं अळी तिळाच्या शेंड्यावर ठेवली. "त्या दिवशी सकाळी मी म्हटलं होतं, हवा सुटली आहे, आज नोका जाऊ. नितेशचा बाप म्हणे, बाईले काय समजते. नितेश हासला अन् गेला. मंग लेकाची राख थंड नाई झाली तर यानं पंप धुवून वाळू घातला. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. या माणसाची छाती पाह्य तू, एका पंपात मरन. मी नोका जाऊ म्हटलं तर ऐकन का? लग्न होऊन आली तवापासून कधी ऐकलं? माझं नाई ऐकत. मेलेल्या लेकाचं तरी ऐकन म्हटलं."

मी बी तिच्या बाजूले धुऱ्यावर बसली. राग बी तिचाच आला अन् दया बी तिचीच. मी म्हटलं, "अन् तो रोज मातीसंग बोलते, ते?"

"ऐकू येते मले."

"मंग? असा वेडा होऊन जाईन तो."

"जिता आहे नं," सिंधू म्हणाली.

मी म्हटलं, सांगून टाक आता. ते म्हणाली, सांगीन, सोयाबीन निघू दे, एकदा सोंगणी झाली की पंपाचं काम राहत नाई, मंग सांगीन. मले कसम घातली. मी बी कबूल झाली. काय करू, एका भिंतीपलीकडं तोच माणूस खोकलत होता, मले बी रोज ऐकू ये.

सोयाबीन निघालं. अळीनं अर्धं खाल्लंच होतं, उरलेलं विळ्यानं सोंगलं, गंजी मारली. महादेवराव स्वतः सोंगाले होता. मुठीत झाड धरलं की आधी ते उलटंपालटं करून पाहे, मंग विळा लावे. वामनराव एकदा वावरावरून गेला तर म्हणे, "असं सोंगशील तर दिवाळी इथंच होईन गा." महादेवरावनं मान वर केली नाई. धुऱ्याकडचा तीळ त्यानं उभाच सोडला. बोंडं फुटून तीळ मातीत सांडला, तरी त्याले कोणी हात लावू देला नाई.

सोंगणी झाली. सिंधू आज सांगते, उद्या सांगते, असं करत राह्यली. मी तिच्याकडं पाहो, ते दुसरीकडं पाहे.

त्या दिवशी दिवेलागणीले मी तिच्याकडं मिरचीच्या ठेच्याची देलेली वाटी परत आणाले गेली होती. ते चुलीपाशी भाकरी थापून राहिली होती. महादेवराव ओसरीत मातीपुढं बसला होता. "सिंधू," त्यानं हाक मारली. "सिंधू, माती हालून राहिली."

आमी दोघी दारात आलो. माती वर आली, फुटली, अन् त्याच्यातून एक ओलं, केसाळ, करड्या रंगाचं काईतरी बाहेर निघालं. पंख चुरगळलेले. ते माठाच्या काठावर चढलं अन् तिथं चिकटून बसलं. हळूहळू पंख सुटत गेले, लांब होत गेले. ओसरीतला दिवा त्याच्या पाठीवर पडला अन् मी पाह्यलं, दोन काळे डोळे, खाली जबडा, शुभंकरनं सांगतली तशी निरा कवटी. मले माहीत होतं तो किडा आहे. मले माहीत होतं तो कुठून आला, कोणं आणला. तरी मी एक पाऊल मागं सरली.

महादेवरावनं बोट पुढं केलं. पतंगाले लागलं, तसा तो ओरडला. चीं, चीं. बारीक, घशातून दाबून काढल्यासारखा. मी जीपमध्ये नितेशचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दर्यापूर येईपर्यंत त्याच्या घशातून असाच आवाज निघत होता. मी तोंडावर हात दाबला.

"बोल बाप्पा, बोल," महादेवराव म्हणाला. डोळ्यातून धारा लागल्या होत्या. "मले माहीत आहे तू काय म्हणून राहिला. तू दुपारी आल्ता धुऱ्यावर. म्हणे, बाबा, डोकं गरगर फिरून राहिलं, समोरचं दिसत नाई. मी काय म्हटलं? मी म्हटलं, काम आलं की नाटकं सुचतेत तुले. दोन पंप राह्यले, तेवढे मारून ये. तू उलटून बोलला नाई. पंप उचलला अन् गेला. दोन पंप, बाप्पा. तेवढ्यात झालं."

माझ्या बाजूले सिंधू उभी होती. हाताले भाकरीचं पीठ. हे तिले माहीत नव्हतं. लेक सकाळी गेला तो संध्याकाळीच आला, मधात काई झालं हे त्यानं आजपर्यंत कोणाले सांगतलं नव्हतं.

पतंग परत ओरडला. महादेवरावनं मान वळवली.

"सिंधू, तू याची माय आहे. मले समजत नाई, तुले समजते. काय म्हणते तो? रागावला आहे का माझ्यावर?"

माझ्या जिभेवर आलं होतं, अवो भाऊ, तो पतंग आहे, तिळातला किडा आहे, हिनंच आणला. सिंधूच्या बी आलं असन. अन् दुसरा एक शब्द बी होता तिच्याकडं, 'हो'. तो बोलली असती तर तो माणूस तिथंच संपला असता, अन् तिनं बोलावं असं एक क्षण मले बी वाटलं. चुलीवरची भाकर करपाले लागली होती. सिंधू त्याच्याकडं पाहत राह्यली, किती पाहत राह्यली. मंग पुढं झाली, माठापाशी वाकली, कान जवळ नेल्यासारखं केलं.

"राग नाई म्हणते," ते म्हणाली.

महादेवराव जमिनीवर डोकं टेकवून रडला. रडता रडता खोकला, खोकलता खोकलता रडला. पतंगानं पंख थरथरवले, उडाला, दिव्यावर एकदा आदळला अन् अंगणातल्या अंधारात गेला. महादेवराव उठला अन् हात जोडून त्याच्यामागं अंगणात गेला.

आमी दोघी चुलीपाशी आलो. सिंधूनं करपलेली भाकर तव्यावरून काढली अन् बाजूले ठेवली. डोळे कोरडे.

"सिंधू," मी हळूच विचारलं, "अन् तुले?"

"नितेशले राग नाई म्हणून सांगतलं नं मी," ते म्हणाली. "मले तर कोणी विचारलंच नाई."

अन् तिनं दुसरी भाकर थापाले घेतली.